टॉम हरवलेला ‘टॉम अँड जेरी’

सुपर निन्टेण्डो या टीव्हीला जोडून खेळायच्या जुन्या गेमयंत्रावरचा ‘टॉम अँड जेरी’ हा गेम नुकताच शेवटपर्यंत खेळून पाहिला. नव्वदच्या दशकाच्या आरंभी हाय टेक एक्सप्रेशन्स या कंपनीने तो बाजारात आणला होता. तो सर्वस्वी टाकाऊ असता तर त्यावर लिहावेसेही वाटले नसते. चित्रे नीटनेटकी आहेत आणि जेरी पाहताक्षणी ओळखू येतो. मात्र ज्याने हे कार्टून मनापासून पाहिले आहे, त्याला खेळताना सतत काहीतरी हरवल्यासारखे वाटते, आणि जे हरवले आहे ते म्हणजे खुद्द टॉम.

चित्रपटगृह, भंगाराचे आवार, खेळण्यांचे दुकान आणि टॉमचे घर अशा ठिकाणी जेरी धावतो, उड्या मारतो आणि वाटेत येणाऱ्या शत्रूंवर गोट्या फेकतो. टॉम भेटतो तो टप्प्याच्या अखेरीस, ‘बॉस’ म्हणजे हरवायचा शेवटचा मोठा शत्रू म्हणून. तोही गोट्या खाऊन हरतो. त्याच्या जागी दुसरे कोणतेही पात्र उभे केले असते, तरी खेळात तसूभर फरक पडला नसता.

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी 1940 साली एमजीएम या अमेरिकी चित्रपटसंस्थेसाठी ही जोडी उभी केली आणि पुढे तिच्या लघुपटांना सात ऑस्कर मिळाले, ते केवळ पळापळीमुळे नव्हे. इस्त्री, उंदराचा सापळा, दार, झाडू अशा घरातल्याच वस्तूंनी टॉम डाव रचतो, तो डाव प्रेक्षकाला आधीच दिसलेला असतो, आणि जेरी तोच डाव त्याच्यावर कसा उलटवणार याची वाट पाहण्यातच खरी गंमत असते. संवाद जवळपास नाहीतच. प्रत्येक पावलाला आणि प्रत्येक आपटण्याला स्कॉट ब्रॅडली यांचे संगीत अचूक साथ देते. म्हणूनच इंग्रजीचा गंध नसलेल्या आपल्याकडच्या घरांतूनही आजी आणि नातू एकाच क्षणी हसले. वस्तू, सापळा आणि नेमकी वेळ यांवर उभी असलेली ही गोष्ट मुळातच एखाद्या व्हिडिओ गेमसारखी आहे. अशा जेरीच्या हाती केवळ गोट्या देणे मला अक्षम्य वाटते, कारण तो नेमबाजीने नव्हे, तर बुद्धीने जिंकणारा उंदीर आहे.

त्या काळच्या यंत्रांची क्षमताच तेवढी होती, हे समर्थन मला पटत नाही. कॅपकॉम या कंपनीचा, त्याच नावाच्या कार्टूनवरून केलेला ‘डकटेल्स’ हा गेम 1989 सालचा, म्हणजे सुपर निन्टेण्डोहून जुन्या आणि दुबळ्या निन्टेण्डोवरचा. दूरदर्शनवर हिंदीतून पाहिलेला त्यातला धनलोभी बदक अंकल स्क्रूज आपल्याला आठवतच असेल. त्या गेममध्ये तो आपल्या काठीवर टुणटुण उड्या मारत काटेरी जमीन ओलांडतो, दडलेली रत्ने हुडकतो, आणि मिळवलेली संपत्ती हाच खेळाचा हिशेब असतो. पात्राचा हव्यास खेळणाऱ्याच्या अंगात भिनतो. बोटांना जे करावे लागते तेच त्या पात्राने मालिकेत केले असते. कार्टूनवरून गेम करणाऱ्यांकडून माझी एवढीच अपेक्षा आहे.

मला सर्वांत जास्त खटकली ती दोन खेळाडूंची सोय. दुसऱ्या खेळाडूला मिळतो टफी, म्हणजे आणखी एक उंदीर! एकाने टॉम होऊन स्वयंपाकघरात सापळे मांडावेत आणि शेजारी बसलेल्या भावंडाने जेरी होऊन ते त्याच्यावरच उलटवावेत, एवढे जरी दिले असते, तरी एका घरापुरता लहानसा गेमही मी आनंदाने विकत घेतला असता.