"दारू पीत नाही ना, मग लिव्हर कॅन्सर होत नाही" म्हणे!

सध्या सगळ्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. लिव्हर कॅन्सर दारुड्यांनाच होतो, सिरॉसिस (लिव्हरवर व्रण साठून ते कडक होणं) असलं तरी दारू सोडली की धोका संपला, एलएफटी (लिव्हरची रक्ताची टेस्ट) नॉर्मल म्हणजे लिव्हर ठणठणीत, कॉफी बंद करा आणि काही त्रास झाला तरच डॉक्टर गाठा. खाली हात जोडलेले इमोजी. आता एकेक घेऊ.

"दारुड्यांनाच होतो." साफ चूक. लिव्हर कॅन्सरचे बहुतेक पेशंट आधीपासून सिरॉसिसचे असतात हे खरं, पण सिरॉसिस व्हायला दारूच लागते असं कुणी सांगितलं? हिपॅटायटीस बी, सी चे व्हायरस, फॅटी लिव्हर, अंगात लोह साठण्याचा आजार, यातलं काहीही पुरतं. आयुष्यात थेंबाला न शिवलेली, शुगर असलेली, पोट सुटलेली माणसं यात भरपूर असतात, आणि डायबेटीसने कॅन्सरचा धोका साधारण दुप्पट होतो. पुरुष, वाढतं वय, घरात कुणाला झालेला असणं, सिगारेट-बिडी, हे सगळं त्यात भर घालतं. हिपॅटायटीस बी तर त्याहून बेरकी, तो आपला डीएनए पेशीच्या डीएनएत घुसवतो त्यामुळे सिरॉसिस नसतानाही कॅन्सर होऊ शकतो. आपल्याकडे बी ची लस सरकारी लसीकरणात देशभर आली ती 2011 मध्ये, म्हणजे आज तिशी-चाळिशीत असलेल्या बहुतेकांना ती लहानपणी मिळालेलीच नाही. पण "मी तर पीत नाही" म्हणून कुणी टेस्ट करत नाही, आणि ज्याला सिरॉसिस निघतं त्याच्याकडे नातेवाईक "लपूनछपून घेत असणार" अशा नजरेने बघतात. या मेसेजचा मला राग येतो तो यासाठी.

आणि शेंगदाणे! बुरशी लागलेल्या दाण्यात, मक्यात अफ्लाटॉक्सिन तयार होतं, ते लिव्हर कॅन्सरचं सिद्ध झालेलं कारण आहे आणि बी ची लागण असलेल्याला जास्तच घातक. भाजून ते पूर्ण जात नाही. त्यामुळे काळपट, सुरकुतलेले, खवट दाणे निवडून टाकायचे, "कुटात काय कळतंय" म्हणून मिक्सरला लावायचे नाहीत.

"सोडली की धोका संपला." सोडायचीच, त्यात वाद नाही, पण धोका हळूहळू उतरतो, शून्य होत नाही. सिरॉसिसमध्ये पेशी मरतात, नव्या बनतात, परत मरतात, वर्षानुवर्षं हेच चालू आणि त्यात चुका साठत जातात, त्या दारू सोडल्याच्या दिवशी पुसल्या जात नाहीत. हिपॅटायटीस सी चंही तसंच, गोळ्यांचा कोर्स साधारण 12 आठवड्यांचा, व्हायरस जातो, धोका बराच कमी होतो, पण सिरॉसिस आधीच झालेलं असेल तर तपासणी चालूच ठेवायची. नेमकी इथेच माणसं गायब होतात.

"एलएफटी नॉर्मल." अहो, सुरुवातीच्या सिरॉसिसमध्येही ती नॉर्मल येऊ शकते. एएफपी नावाची रक्ताची टेस्ट आहे, तीसुद्धा कॅन्सर असूनही बऱ्याच जणांची नॉर्मल येते. म्हणून सिरॉसिस असलेल्यांनी दर 6 महिन्यांनी सोनोग्राफी करायची, सोबत एएफपी.

कॉफीचं तर उलटंच आहे, कॉफी पिणाऱ्यांत लिव्हर कॅन्सर कमी दिसलाय. औषध नव्हे, पण बंद कशाला करायची?

"त्रास झाला तरच." सगळ्यात घातक ओळ ही. सिरॉसिस असलेल्या 100 जणांत वर्षाला साधारण 1 ते 4 जणांना कॅन्सर होतो, आणि गाठ लहान असते तेव्हा ना दुखत ना खुपत. पोटात पाणी, कावीळ, वजन उतरणं इथवर थांबलात तर बहुतेक वेळा हातात फारसं उरत नाही. तेच सोनोग्राफीत 2 सेंटीमीटरच्या आतली गाठ सापडली तर ती जाळता येते, काढता येते, काहींना ट्रान्सप्लांटही होतं. गाठ 1 सेंटीमीटरहून लहान असेल तर डॉक्टर बऱ्याचदा 3 महिन्यांनी परत बोलावतात, तेव्हा "आत्ताच तर झाली की" म्हणून घरी बसू नका, आणि जाताना जुना रिपोर्ट घेऊन जा, गाठ वाढली का नाही ते त्यावरूनच कळतं.