मजुरी त्याच संध्याकाळी

आपल्या चर्चच्या मंडळीत विश्वासाबद्दल बोलणं निघालं की प्रार्थना, उपवास, शास्त्रवाचन आणि दशांश (कमाईचा दहावा हिस्सा देवाला देणं) यांचीच विचारपूस होते. माझं मत असं आहे की इंदूरमधल्या ख्रिस्ती माणसाचा विश्वास आधी दुसऱ्याच ठिकाणी तपासावा. त्याच्या घरी, दुकानात किंवा बांधकामावर जो राबतो, त्याच्या हातात पैसे कधी पडतात?

हे मी पदरचं सांगत नाही. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात आज्ञाच आहे की मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवायची नाही. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात तर कारणही दिलंय: तो गरीब आहे, त्याचा जीव त्या पैशात अडकलेला असतो, म्हणून सूर्य मावळायच्या आत दे. मजूर आपल्यातला असो की परका, नियम तोच. आणि याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात म्हणतो की अडकवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ते ओरडणं देवाच्या कानांपर्यंत पोहोचलेलं आहे.

द्राक्षमळ्याचा दाखला (मत्तय २०) आपण किती वेळा ऐकलाय! तासभर काम करणाऱ्यालाही पूर्ण दिवसाचा रोज मिळतो, म्हणून उपदेश कायम कृपेवर होतो, आणि तो योग्यच आहे. पण त्याच गोष्टीत एक साधं वाक्य आहे, संध्याकाळ झाल्यावर मालक कारभाऱ्याला मजुरांना बोलावून पैसे द्यायला सांगतो. त्याच दिवशी. ‘परवा ये, सुट्टे नाहीत’ असं तो कुणालाही म्हणत नाही. कृपेच्या या सगळ्यात सुंदर गोष्टीला पाया आहे तो वेळेवर दिलेल्या मजुरीचा, आणि त्या ओळीवर थांबलेला उपदेश मी अजून ऐकलेला नाही.

आता आपल्या शहराकडे या. झाबुआ, अलिराजपूर, बडवानीकडून भिल, भिलाला कुटुंबं इथे मजुरीला येतात. आपली घरं, आपल्या कॉलन्या त्यांनीच बांधल्यात. होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोरियाचे हाट, म्हणजे आदिवासींचे सणाचे बाजार, भरतात आणि ही माणसं गावी निघतात. नेमकं तेव्हाच ठेकेदार थोडे पैसे मागे ठेवतो, ‘परत आलास की देईन’ म्हणतो. घरमालकाला हे ठाऊक असतं, पण ‘ते ठेकेदाराचं काम’ म्हणून तो बाजूला होतो. भगोरिया बहुधा आपल्या ईस्टरआधीच्या उपवासकाळातच येतो. आपण मांस सोडतो, गोड सोडतो, आणि आपल्याच भिंती उभ्या करणारी बाई लेकरू कडेवर घेऊन अर्ध्या पैशांत बसला चढते. असल्या उपवासाला काय अर्थ आहे? यशया ५८ मध्ये देव हाच प्रश्न विचारतो, उपवास करता आणि मजुरांना राबवून घेता!

कॅथलिक जोगीण सिस्टर राणी मारिया आपल्याच भागातल्या. मूळच्या केरळच्या, काम देवास जिल्ह्यातल्या उदयनगरच्या आदिवासींमध्ये. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांचा खून झाला, आणि ४ नोव्हेंबर २०१७ ला इथे इंदूरमध्ये त्यांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं. आम्ही प्रोटेस्टंट, त्यामुळे ही भाषा आमच्या घरची नाही, पण त्यांचं नाव आमच्याकडेही आदराने घेतात. मारेकरी समंदर सिंहला त्यांच्या कुटुंबाने क्षमा केली, सिस्टरच्या बहिणीने तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली, हे सगळे सांगतात. सांगायलाच हवं. पण मारलं कशासाठी? सावकाराच्या तावडीतून गरिबाने सुटावं म्हणून त्या बचत गट उभे करत होत्या, लोकांना आपले हक्क समजावत होत्या. हेही तितक्याच प्रेमाने सांगूया ना. क्षमा आठवायची आणि कर्जाच्या वह्या विसरायच्या, हे मला पटत नाही.

इथल्या हुकुमचंद कापड मिलच्या कामगारांची देणी तर सगळ्या इंदूरने पाहिली. मिल १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि २२४ कोटींच्या थकबाकीचा चेक निघाला २५ डिसेंबर २०२३ ला. तोवर कितीतरी कामगार वारले होते. नाताळाच्याच दिवशी ही बातमी आली. त्या दिवशी मला याकोबचा पाचवा अध्याय फार जवळून ऐकू आला.

कुणी म्हणेल, तारण, म्हणजे आपला उद्धार, कृपेने आहे, कर्मांनी नव्हे. मान्य, इफिस २:८-९ मला पाठ आहे. पण लगेच पुढचं दहावं वचन आपल्याला सत्कर्मांसाठीच निर्माण केल्याचं सांगतं. कुणी म्हणेल, उचल घेऊन माणसं पळतात. काही पळतातही. पण केलेल्या कामाचा रोज आणि उचल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाच्या भीतीने दुसरा अडकवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

म्हणून मंडळीतल्या भावाबहिणींना माझी विनंती आहे. ठेका देतानाच ठरवा की मजुरांचा रोज रोजच्या रोज चुकता होईल, आणि संध्याकाळी स्वतः मजुरांना विचारा, मिळाला का? झाडू-पोछा करणाऱ्या ताईंना एक तारखेला पगार द्या, त्यांचं लेकरू आजारी असेल त्या दिवसांचे पैसे कापू नका. चर्चच्या रखवालदाराचा पगार दानाची थैली किती भरली यावर अवलंबून नसावा. हा शेवटचा मुद्दा मी येत्या वार्षिक सभेत लेखी मांडणार आहे. ज्यांना पटतंय त्यांनी त्या दिवशी हात वर करायला नक्की या.