चोवीस तासांची अट

गेली तीन वर्षे मी सकाळी रक्तदाबाची टेल्मिसार्टन 40 आणि रात्री कोलेस्टेरॉलची रोसुव्हास्टॅटिन 10 अशा दोन गोळ्या इमानेइतबारे घेतो आणि कंपनीने काढून दिलेला पाच लाखांचा मेडिक्लेम तितक्याच इमानेइतबारे त्यांच्याकडे काणाडोळा करतो. गोळ्यांचे काम झटका येऊ न देण्याचे. मेडिक्लेमचे काम झटका आल्यावर सुरू होते. त्यामुळे दोघांची गाठ पडत नाही.

मार्चअखेरीस केमिस्टची बारा पक्की बिले, त्यांतली दोन आमटीच्या डागांसह, एका टाचणीत अडकवून मी टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेकडे, पाठवली. आठ दिवसांनी उत्तर आले : 'दाखल झाल्याची तारीख व डिस्चार्ज समरी जोडावी.' मी दाखल झालेलो नाही, किंबहुना दाखल व्हावे लागू नये म्हणूनच या गोळ्या घेतो, असे मी सविस्तर कळवले. त्यावर तोच मजकूर पुन्हा आला. फक्त या वेळी 'दाखल झाल्याची तारीख' हे शब्द ठळक होते.

मग एचआरमधल्या मॅडमनी मला पॉलिसी उलगडून दाखवली. किमान 24 तास रुग्णालयात काढले, तर दाखल होण्यापूर्वीच्या 30 दिवसांचा आणि घरी परतल्यानंतरच्या 60 दिवसांचा, त्याच आजारावरचा औषधखर्च मिळतो. म्हणजे एकदा झटका येऊन गेला, की हीच गोळी, याच दुकानातली, दोन महिने कंपनीच्या खर्चाने! "सर, तुम्हाला छातीत वगैरे काही होतंय का?" मॅडमनी आशेने विचारले. काही होत नाही, हे सांगताना मला उगाचच ओशाळल्यासारखे झाले.

विमा अवचित येणाऱ्या संकटासाठी असतो आणि माझी गोळी दुधाच्या पिशवीसारखी रोजची आहे, हे विमा कंपनीचे गणित मला कळते. दुधाचा क्लेम मीही कधी केलेला नाही. परंतु जुन्या करप्रणालीत प्रतिबंधात्मक तपासणीसाठी 5,000 रुपयांपर्यंत वजावट मिळते, ती तपासणीत सापडलेले कोलेस्टेरॉल नुसते सापडल्याच्या शरमेने उतरेल, अशा हिशेबाने ठेवली असावी काय? आमच्या फाटकावरच्या सुरक्षारक्षकाला मात्र रक्तदाबाची गोळी ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, दवाखान्यातून मोफत मिळते, कारण त्याचा पगार 21,000 रुपयांच्या मर्यादेत बसतो. त्या योजनेत एके काळी मीही होतो. पगार वाढून तिच्यातून बाहेर पडलो, त्या दिवशी मी पेढे वाटले होते.

अखेर मी डॉक्टरांनाच विचारले, "एक रात्र दाखल करून घेता का?" त्यांनी काही न बोलता माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला. टीपीएच्या पत्रव्यवहाराची फाईल माझ्या मांडीवर उघडीच होती. पारा 160 च्या पुढे थांबला तेव्हा त्यांनी चिठ्ठीवरचा 40 चा आकडा खोडून तिथे 80 लिहिले आणि फी मागितली. ती अर्थातच ओपीडीत मोडते.