लघवीवर जनरेटर, रेडिओलहरींवर गाडी: फिरत्या फॉरवर्डमधला एकेक दावा

हा मजकूर तुमच्याही व्हॉट्सअॅपवर कधी ना कधी येऊन गेला असेल. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, गाभा तोच: "आफ्रिकेतल्या चार शाळकरी मुलींनी एक लिटर लघवीवर सहा तास चालणारा जनरेटर बनवला! झिम्बाब्वेच्या तरुणाने हवेतल्या रेडिओलहरींवर चालणारी गाडी बनवली, पण तेल कंपन्यांनी ती दाबली. मलावीच्या शाळा सुटलेल्या पोराने भंगारातून पवनचक्की उभी केली. डिग्री नको, पैसा नको, फक्त जिद्द हवी. आणि आपली मुलं? रील्स बघतात! जास्तीत जास्त शेअर करा."

पाठवणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, कौतुकच असतं. माझी तक्रार त्या कौतुकाबद्दलच आहे. जे झालेलंच नाही त्याची वाहवा होते, आणि स्वच्छ ऊर्जेत तिथल्या तरुणांनी खरोखर जे करून दाखवलंय त्याचा पत्ता नसतो.

आधी त्या चार मुली. घटना खरी आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये नायजेरियातल्या लागोसच्या मेकर फेअर आफ्रिका प्रदर्शनात चौदा-पंधरा वर्षांच्या चार मुलींनी हे यंत्र मांडलं होतं. लघवीत वीज सोडून हायड्रोजन वेगळा करायचा, तो पाण्यातून गाळायचा, बोरॅक्सच्या द्रावणातून नेऊन त्यातली ओल काढायची आणि जनरेटरला द्यायचा. शाळेतल्या प्रकल्पासाठी झकास कल्पना. प्रश्न आहे तो "एक लिटर, सहा तास" या आकड्याचा, आणि तो कागद-पेन्सिल घेऊन तपासता येतो.

लिटरभर लघवीत युरिया असतो साधारण २० ग्रॅम. तो सगळाच्या सगळा फोडला तर हायड्रोजन मिळतो २ ग्रॅम. तो जाळून निघणारी ऊर्जा सुमारे ६७ वॅट-तास. छोट्या जनरेटरचं इंजिन त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा विजेत बदलतं, म्हणजे हाती आले १३ वॅट-तास. ९ वॅटचा एलईडी बल्ब दीड तास चालेल, पंखा लावलात तर तेवढाही नाही. आता खर्चाची बाजू. युरिया फोडायला किमान ०.३७ व्होल्ट लागतात. पाणी फोडायला लागतात १.२३, म्हणून युरिया स्वस्त पडतो हे खरंच. पण या आदर्श हिशेबानेही २ ग्रॅम हायड्रोजनसाठी २० वॅट-तास वीज आधी ओतावी लागते आणि प्रत्यक्षातल्या यंत्रात त्याच्या तिप्पट-चौपट. म्हणजे सर्वात उदार हिशेबातसुद्धा २० घालायचे आणि १३ काढायचे. जनरेटर सहा तास चालला असेल तर वीज दुसरीकडून येत होती.

या कल्पनेला अर्थच नाही असं मात्र नाही. ओहायो विद्यापीठातल्या जेरार्डिन बोटे यांनी २००९ मध्ये युरियाच्या विद्युत-विघटनावर काम प्रसिद्ध केलं होतं. सांडपाणी स्वच्छ करायचंच आहे, तर करता करता थोडा हायड्रोजनही पदरात पडला, असा त्याचा उपयोग. आणि त्या मुलींना जनरेटरच का सुचला, हा प्रश्न फॉरवर्डमध्ये कुणी विचारत नाही. नायजेरियात सरकारी वीज कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून घराघरात, दुकानादुकानात पेट्रोलचे जनरेटर धडधडत असतात. मे २०२३ मध्ये तिथल्या सरकारने पेट्रोलचं अनुदान काढलं आणि लिटरमागे २०० नायराच्या (नायरा हे तिथलं चलन) आतला दर एका फटक्यात ५०० च्या आसपास गेला. खरी बातमी इथे आहे. इबादानमध्ये वाढलेला ओलुगबेंगा ओलुबांजो हा इंजिनिअर याच दुखण्यावर काम करतो. त्याच्या 'रीडी' कंपनीने हातात धरून नेता येईल अशी बॅटरी काढली. सौरऊर्जेवर भरलेली ती दिवसभरासाठी सुमारे अर्ध्या डॉलरला भाड्याने न्यायची, संपली की परत आणून द्यायची. २०२१ मध्ये ती पर्यावरणासाठी दिल्या जाणाऱ्या अर्थशॉट पुरस्काराच्या अंतिम यादीत होती. लघवी नाही, चमत्कार नाही, म्हणून फॉरवर्डही नाही.

आता रेडिओलहरींची गाडी. झिम्बाब्वेचे मॅक्सवेल चिकुम्बुत्सो अनेक वर्षं हा दावा करत आहेत. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्नांगाग्वा स्वतः त्यांच्याकडे जाऊन आले आणि व्हिडिओ जगभर फिरला. इथेही हिशेब करू. १० किलोवॅटच्या रेडिओ केंद्रापासून १० किलोमीटरवर उभे राहा. तिथे एका चौरस मीटरवर पडणारी रेडिओऊर्जा वॅटच्या लाखाव्या भागाएवढीही नसते. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला काही हजार वॅट लागतात. गाडीच्या टपापासून बोनेटपर्यंत अँटेना चिकटवल्या तरी डॅशबोर्डवरचा दिवासुद्धा पेटणार नाही. मग तेल कंपन्यांनी दाबलं काय? राष्ट्राध्यक्ष येऊन फोटो काढून गेले, याला दाबणं म्हणत असतील तर प्रसिद्धी कशाला म्हणायचं! आणि "आफ्रिकेत असंच चालतं" म्हणणाऱ्यांनी १९९६ आठवावं. पाण्यात झाडपाला घालून पेट्रोल बनवतो म्हणणाऱ्या तमिळनाडूच्या रामर पिल्लैंच्या 'वनौषधी पेट्रोल'वर आपल्याकडे भलेभले भाळले होते. चेन्नईच्या न्यायालयाने २०१६ मध्ये त्यांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली.

पवनचक्कीची गोष्ट शंभर टक्के खरी आहे. फक्त तिच्यातून काढलेला निष्कर्ष नेमका उलटा आहे. विल्यम कामक्वाम्बाची शाळा सुटली ती २००१-०२ च्या दुष्काळात घरात खायला नव्हतं आणि फी भरता आली नाही म्हणून. शिकणं त्याने सोडलंच नाही. विम्बेच्या प्राथमिक शाळेतल्या छोट्या वाचनालयात तो जात राहिला आणि मुखपृष्ठावर पवनचक्क्या असलेलं एक इंग्रजी पाठ्यपुस्तक त्याच्या हाती लागलं. इंग्रजी धड येत नव्हतं, तर आकृत्यांवरून शब्द लावत गेला. ट्रॅक्टरचा पंखा, शॉक अॅब्सॉर्बर, सायकलचा सांगाडा आणि डायनामो, पीव्हीसीचा पाइप विस्तवावर तापवून सपाट केलेली पाती, निलगिरीच्या खांबांचा मनोरा. मला यातला सगळ्यात भारी भाग वाटतो तो त्याने खिळे, तार आणि चुंबक वापरून केलेला सर्किट ब्रेकर. घराला गवताचं छप्पर, वायर तापली तर सगळंच जायचं, हे त्या पोराला कळलं होतं. याला नुसती जिद्द म्हणत नाहीत, याला भौतिकशास्त्र समजणं म्हणतात. पुढे संधी मिळताच तो शाळेत परतला आणि २०१४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडला. "डिग्री नको" हे वाक्य त्याच्या तोंडी घालणं म्हणजे कमालच आहे.

केनियाच्या नोरा मागेरो याही शिकलेल्या इंजिनिअर. दूध नासू नये म्हणून शेतकऱ्यांसाठी सौर फ्रीज करता करता त्यांनी लसी नेणारा 'व्हॅक्सीबॉक्स' बनवला, जो मोटरसायकलवर बांधून नेता येतो. अभियांत्रिकीतल्या नव्या कल्पनांसाठीचा २०२२ चा आफ्रिका प्राइझ त्यांना मिळाला. पण सगळं डिग्रीवरच अडतं असंही नाही. नैरोबीच्या मुकुरू झोपडपट्टीत वाढलेल्या शार्लट मागाई कोळसा विकायच्या. २०१२ मध्ये त्यांची लहान मुलगी कोळशाच्या शेगडीने भाजली. २०१७ मध्ये त्यांनी कमी धुराच्या चुली बनवणारी 'मुकुरू क्लीन स्टोव्ह्ज' काढली. आपल्या गिऱ्हाइकाच्या हातात रोज किती पैसे असतात, हे त्यांना कुठल्याही सल्लागारापेक्षा जास्त ठाऊक होतं. २०२२ मध्ये त्यांना १० लाख पौंडांचा अर्थशॉट पुरस्कार मिळाला.

आणि "पैसा नको" हे तर सगळ्यात घातक. सहाराच्या दक्षिणेकडे सुमारे ६० कोटी लोकांच्या घरी वीज नाही, पण स्वच्छ ऊर्जेतल्या जागतिक गुंतवणुकीतले शेकडा तीन रुपयेही आफ्रिकेत पोचत नाहीत. डिझेलचा खर्च रोज थोडा थोडा होतो. सौरऊर्जेत जवळपास सगळा खर्च पहिल्याच दिवशी, ऊन मात्र पुढची वीस वर्षं फुकट. म्हणून इथे उन्हापेक्षा व्याजाचा दर महत्त्वाचा. एक लाखाचं पॅनेल दहा वर्षांच्या कर्जावर घेतलं तर ७ टक्क्यांनी वर्षाचा हप्ता सुमारे १४ हजार, २० टक्क्यांनी सुमारे २४ हजार. पॅनेल तेच, ऊन तेच. त्यात उद्योजकाने माल डॉलरमध्ये आणायचा आणि गिऱ्हाइकाकडून वसुली रोज थोडी थोडी नायरात करायची. २०२३ मध्ये नायरा घसरला तेव्हा डॉलरचं कर्ज असलेल्यांचं काय झालं असेल, ते जिद्दीचे मेसेज पाठवणाऱ्यांनी एकदा मोजून बघावं.

राहिली रील्स बघणारी मुलं. कामक्वाम्बाचं नाव जगाला कळलं ते २००६ मध्ये मलावीच्या एका दैनिकात आलेली बातमी ब्लॉगवाल्यांनी उचलली म्हणून. केनियात घरच्या सौरदिव्यांचे हप्ते लोक मोबाईलवरूनच भरतात. आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर हा फॉरवर्ड टाकणाऱ्यांत पन्नाशीच्या आतलं अजून कुणी सापडलेलं नाही.