रोज तेच पुस्तक? हो, रोज तेच!

आज दुपारी पाळणाघराच्या ग्रुपवर एका पालकांचा मेसेज आला. ताई रोज तेच ते पुस्तक वाचतात, दोन वर्षांच्या मुलांना त्यातलं काय कळतं, त्यापेक्षा टीव्ही बसवा, एबीसीडी तरी येईल. त्यावर चारपाच जणांचं “अगदी बरोबर”! माझं डोकंच फिरलं.

काय कळतं? सांगते. त्या पुस्तकात आई दिसेना म्हणून रडणारं कोंबडीचं पिल्लू आहे. ताई त्या पानावर थांबतात. “काय झालं गं याला?” असं विचारून गप्प बसतात, पोरांना बोलू देतात. गेल्या आठवड्यात एक नवीन मुलगा दाराशी हमसून हमसून रडत होता. माझी लेक अजून धड वाक्य जुळवत नाही. ती त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, “आई गेली. आई येते.” हे तिच्याकडून कुणी घोकून घेतलं नव्हतं. पुस्तकात त्या पिल्लाची आई रोज परत येते, म्हणून तिला ते ठाऊक होतं.

टीव्ही असा थांबतो का कुणासाठी? पोर काय म्हणतंय ते ऐकतो का? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय की वर्षाच्या बाळाला स्क्रीन नकोच, दोन वर्षांच्याला फार तर तासभर, आणि बसल्या वेळी जवळ घेऊन गोष्ट सांगा, वाचा. बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर गाणी-गोष्टींनी मुलं बोलती केली. त्याच महाराष्ट्रात आपण पैसे मोजून पोरांना टीव्हीपुढे बसवायचं?

बरं, एकट्या ताईंनी बारा पोरं सांभाळायची, त्यात दोघांचे लंगोट बदलायचे, एकाला भरवायचं, तर पुस्तक कधी हातात घ्यायचं, हे मान्य. पण मग मदतनीस मागा ना!

आमच्या ताईंना पगार किती मिळतो हे आपल्यातल्या एकानेही कधी विचारलेलं नाही. मीही नाही. तरी त्या बाई पिल्लाचा आवाज रोज नव्याने काढतात. तो मुलगा आता सकाळी आल्या आल्या तेच पुस्तक ओढत त्यांच्या मांडीशी येतो. अजून रडतो, पण त्यांना टेकून.

शनिवारी मीटिंग आहे. टीव्हीला माझा विरोध असेल. जाड पुठ्ठ्याची आणखी पुस्तकं आणि दुपारच्या वेळेला एक मदतनीस, एवढं मी मागणार आहे. त्यासाठी फी थोडी वाढली तरी देईन. ज्यांना पटतंय त्यांनी कृपा करून या.