चढता येत नाही की चढू देत नाहीत?

सुन्याने मोबाईल पुढे केला. कैलासावर कोणी चढूच शकत नाही, चढणाऱ्याची नखं-केस भराभर वाढतात वगैरे.

"उंची किती त्याची? 6,638 मीटर," मंग्या उसळला. "एव्हरेस्टहून दोन हजार मीटरनी बुटका. चार धर्मांचे लोक त्याला पवित्र मानतात, म्हणून राहिलाय. 1980च्या दशकात चीन गिर्यारोहक मेसनरला परवानगी द्यायला तयार होता. तोच नको म्हणाला."

"झेपलं नसतं त्याला."

ऑक्सिजनशिवाय एव्हरेस्ट चढलेल्या माणसाबद्दल हे! मंग्याने कपाळावर हात मारला.

नेहाने विषय भूतानला नेला. तिथलं, चीनच्या सीमेवरचं गांगखर पुएनसुम, 7,570 मीटर, हे न चढलेल्यांतलं सर्वांत उंच. 1985-86मध्ये मोहिमा गेल्या, हात हलवत परतल्या. 1994 साली स्थानिक श्रद्धेपोटी सहा हजार मीटरवरची शिखरं बंद झाली, 2003पासून गिर्यारोहणच बंद.

"म्हणजे आधी जमलं नाही, मग बंदी!" सुन्या खूश. यावेळी त्याचा मुद्दा चुकीचा नव्हता, हे मंग्याला पचलं नाही. "दोन-चार मोहिमांत काय ठरतं? एव्हरेस्टला 1921पासून 1953 उजाडलं. जपान्यांनी चीनकडून परवाना मिळवला होता, भूतानने हरकत घेतली, तो गेला. बिचारे 1999ला शेजारच्या लियानकांग कांग्रीवर चढले."

मग खरी जुंपली ती कांचनजंगावरून. 1955ला ब्राउन आणि बँड हे गिर्यारोहक माथ्याच्या काही पावलं खाली थांबले, कारण सिक्कीमच्या राजाला शब्द दिला होता.

"म्हणजे तेही न चढलेलंच," सुन्या म्हणाला.

"उद्या म्हणशील, गाभाऱ्यात शिरलं नाही तर दर्शन झालंच नाही!"

मला विचाराल तर थांबणं ही त्या चढाईतली सर्वांत अवघड पायरी असावी. पण नेपाळमधल्या माच्छापुच्छ्रेला हा हिशेब लावता येत नाही. 1957ला तिथे माणसं माथ्यापासून जेमतेम पन्नासेक मीटरवरून फिरली, ती बर्फाने अडवलं म्हणून. पुढे नेपाळने तो डोंगर बंद केला.

"तिथे एक न्यूझीलंडवाला गुपचूप चढून आला, अशी वदंता आहे," नेहा म्हणाली.

"फोटो?"

"परवाना नसताना फोटो कोणाला दाखवणार?"

"मग न चढलेलं तरी कशाच्या जोरावर म्हणायचं?" सुन्याने विचारलं. मंग्या पहिल्यांदाच गप्प.