जे विसर म्हटलं ते सोडून बाकी सगळं विसरतो हा ब्राउझर

एक पत्ता. एकच पत्ता डिलीट करायचा होता मला, आणि त्यापायी शनिवारची अख्खी सकाळ गेली, आई रुसली, आणि आत्ता रात्री साडेअकराला मी सतरावा पासवर्ड रिसेट करून हे लिहायला बसलीये. तर ऐका आता.

दोन वर्षांपूर्वी आम्ही डहाणूकर कॉलनीतला भाड्याचा फ्लॅट सोडून धायरीला आलो. गॅस बदलला, आधारवरचा पत्ता बदलला, पेपरवाला बदलला, इतकंच काय मांजर पण आठ दिवसांत रुळलं. नाही रुळला तो फक्त ब्राउझर. कुठलाही फॉर्म उघडून नावाचं पहिलं अक्षर टाइप केलं की हा उत्साहमूर्ती खालचे सगळे रकाने भरून मोकळा, फ्लॅट नंबर, बिल्डिंग, कोथरूड, ४११०३८. आणि हल्ली भरलेला पत्ता परत वाचतं कोण हो, पैसे भरायची घाई असते, ३८ च्या जागी ४१ हवं होतं हे कळतं ते 'डिलिव्हर्ड' असा मेसेज आल्यावर. परवा आईच्या गुडघ्याचा पट्टा तिकडे जाऊन पडला. नवले पूल, वारजे करत दीड तास घालवून आणायला गेले तर जुन्या घरमालक काकू दारातच म्हणाल्या, "अगं हे तिसरं पार्सल, मी काय पोस्ट ऑफिस उघडलंय का?" बरोबरच आहे त्यांचं. मी काय सांगणार, ब्राउझरने केलं म्हणून?

म्हटलं आज याचा निकालच लावते. सेटिंगमध्ये शिरले. प्रायव्हसीत बघितलं, तिथे पत्ता नाही. पत्ते म्हणे ऑटोफिलमध्ये. तिथे माझा एकच पत्ता चार वेळा, दोनदा डहाणूकर, एकदा दहाणूकर, एकदा नुसतंच 'कॉलनी', आणि प्रत्येकापुढचे तीन ठिपके दाबून वेगळा डिलीट करायचा. दोन उडवले, मग डोकं फिरलं आणि सरळ कंट्रोल शिफ्ट डिलीट दाबलं, म्हणजे ब्राउझरमध्ये साठलेलं सगळं पुसायची चौकट उघडली.

इथे माझी चूक झाली, मान्य. पण ती चौकट एकदा नीट बघा तुम्ही. हिस्ट्री, कुकीज, कॅश, पासवर्ड, फॉर्मचा डेटा, सगळं एका रांगेत, सगळ्यांपुढे सारखाच चौकोन. यातली कॅश म्हणजे पान पटकन उघडावं म्हणून ठेवलेले फोटोबिटो, ते गेले तर कुणाचं काही अडत नाही. कुकीज म्हणजे साइट तुम्हाला ओळखायला ब्राउझरमध्ये ठेवते त्या चिठ्ठ्या, त्या गेल्या की सगळीकडून लॉगआउट. आणि पासवर्ड गेले की गेलेच. म्हणजे घर आवरायला काढल्यावर रद्दी, रेशन कार्ड आणि मंगळसूत्र एकाच पोत्यात भरायचं आणि विचारायचं, टाकू का ताई? मी रागारागात सगळ्यावर टिक केलं, वर 'ऑल टाइम' निवडलं, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं की सिंक, म्हणजे एका अकाउंटचं सगळीकडे सारखं ठेवणं, चालू असेल तर बाकीच्या डिव्हाइसवरूनही जाईल. कोण वाचतं ते!

आईच्या फोनवर माझंच अकाउंट आहे. मीच टाकून दिलं होतं, तिला वेगळा जीमेल लक्षात राहत नाही म्हणून. तर ती उपवासाच्या कचोरीची रेसिपी कशी उघडायची, तर वरती 'क' टाइप करायचा, पहिलंच पान यायचं, झालं. ते हिस्ट्रीतनं येत होतं. हिस्ट्री गेली, कचोरी गेली. परवा एकादशी आहे.

बरं हे सगळं साफ केल्यावर पहिल्याच साइटवर काय आलं? "आम्ही कुकीज वापरतो." अरे आत्ताच तर नाही म्हटलं होतं मागच्या आठवड्यात! पण गंमत अशी की तुम्ही नाही म्हटलंत हे लक्षात ठेवायला पण ते कुकीच वापरतात, त्यामुळे कुकी पुसली की तुमचा नकारही पुसला, पुन्हा 'ॲक्सेप्ट ऑल' हे ठळक निळं बटण आणि 'रिजेक्ट' कुठेतरी दोन पायऱ्या आत. १९९४ साली नेटस्केप नावाच्या ब्राउझर कंपनीत लू माँटुली नावाच्या माणसाने ही कुकी काढली ती दुकानातली टोपली साइटला लक्षात राहावी म्हणून. साधी सोय. त्यावर जाहिरातवाल्यांनी इमले बांधले. परक्या साइटच्या, म्हणजे आपण उघडली ती सोडून दुसऱ्याच साइटच्या, कुकीज ॲपलच्या सफारी ब्राउझरने २०२० मध्ये बंद केल्या, गूगलच्या क्रोमने पण बंद करणार म्हणून त्याच वर्षी जाहीर केलं, मग पुढे ढकललं, परत ढकललं, आणि २०२४ मध्ये सांगितलं की राहू दे. आपल्याकडच्या सोसायटीच्या लिफ्टसारखं.

दादाला फोन केला तर तो म्हणे, "इन्कॉग्निटो वापरायचं ना मग." घ्या! अरे ती क्रोमची खासगी खिडकी, ती बंद केल्यावर हिस्ट्री आणि कुकीज पुसल्या जातात त्या तुझ्या लॅपटॉपवरून, साइटला दिसायचं ते दिसतंच, ऑफिसच्या नेटवाल्याला पण कळतं. त्याच्यावरनं अमेरिकेत २०२० मध्ये गूगलवर केस झाली, २०२४ मध्ये तडजोड झाली, त्यात त्यांनी जमवलेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं. हे मी त्याला सांगितलं तर म्हणतो, "तुला एवढं माहितीये तर मग सगळ्यावर टिक कशाला केलंस?" फोन ठेवला मी.

मग सगळं नव्याने. लाइट बिल, बँक, म्युच्युअल फंड, पीएफ, आईचं पेन्शन. बँकेच्या पासवर्डात एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह आणि मागचे पाच चालणार नाहीत, आता मागचे पाच मला माहीत असते तर मी इथे असते का? ओटीपी येतो तेव्हा पान टाइमआउट झालेलं असतं.

आणि शेवटी, पट्टा लहान निघाला म्हणून बदलून मागवायला त्याच दुकानाच्या साइटवर गेले, लॉगिन केलं, तर समोर काय, डहाणूकर कॉलनी, ४११०३८. तो म्हणे ब्राउझरमध्ये नव्हताच, तो दुकानाच्या अकाउंटमध्ये सेव्ह झालेला. तो तिथे वेगळा डिलीट करायचा! नवा टाइप केला तर लगेच ब्राउझर कोपऱ्यातून डोकावला, "हा पत्ता लक्षात ठेवू का?" गप रे.

आई अजून 'क' टाइप करून बघतीये. येतंय काय, तर कर्ज.